चौदा पक्षी आणि एक नाव : ईगलनेस्टच्या बुगुन लिओसिक्लाचे प्रकरण

अरुणाचल प्रदेशाच्या पश्चिम कामेंग जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून अधिक उंचीवरच्या एका झुडपी उतारावर, मे 2006 मध्ये दोन पक्षी बारीक धाग्याच्या जाळ्यात सापडले. त्यांची मोजमापे घेतली गेली, छायाचित्रे काढली गेली, जाळ्यात धडपडताना गळालेली काही पिसे कागदात जपून ठेवली गेली आणि पक्षी सोडून दिले गेले. पक्षिशास्त्राला तोवर अपरिचित असलेल्या, पुढे बुगुन लिओसिक्ला हे नाव मिळालेल्या प्रजातीच्या बाबतीत हे अगदीच वेगळे वर्तन होते. अशा पक्ष्याचा प्रवास एरवी संग्रहालयाच्या लाकडी खणात संपतो; पोटात कापूस भरलेला, पायाला चिठ्ठी बांधलेली आणि चिठ्ठीवर ठिकाण, तारीख व गोळा करणाऱ्याचे नाव.

पक्षी सोडून देणारे गृहस्थ व्यवसायाने पक्षिशास्त्रज्ञ नव्हते. रमण अत्रेय हे पुण्याशी जोडलेले खगोलशास्त्रज्ञ. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण ज्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडून चालवली जाते, तेथे त्यांचे शिक्षण झाले होते. पुढे ते पुण्याच्याच भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत प्राध्यापक झाले. पक्षिनिरीक्षण हा त्यांचा छंद होता, परंतु त्या छंदाला त्यांनी व्यवसायाइतकीच शिस्त लावलेली होती. जानेवारी 1995 मध्ये त्यांनी हा पक्षी प्रथम पाहिला आणि 2006 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. मधल्या अकरा वर्षांत काय घडले आणि काय मुद्दाम घडू दिले गेले नाही, हा या प्रकरणाचा गाभा आहे. एखाद्याने पक्षी पाहिला, एवढ्यावरून तो पक्षी तेथे आहे हे बाकीच्यांनी कधी मानावे, आणि मानण्यासाठी किती पुरावा मागावा, हा प्रश्न येथे जितक्या स्वच्छपणे समोर येतो, तितका तो क्वचितच येतो.

जागा

ईगलनेस्ट अभयारण्याचे क्षेत्र 218 चौरस किलोमीटर आहे. त्याची खालची सीमा सुमारे 500 मीटरांवर आणि वरची 3250 मीटरांवर आहे. पट्टीने मोजायचे तर हे ठिकाण उष्णकटिबंधात येत नाही. ते 27 अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या साडेतीन अंश वर आहे. पण अक्षांश पक्ष्यांना वाचता येत नाहीत. पायथ्याचे जंगल वेलींनी गुंतलेले, ओलसर, धनेशांचे आणि उष्णकटिबंधाशी नाते सांगणारे आहे. तेथून चढत गेले की ओक, बांबू आणि ऱ्होडोडेंड्रॉन लागतात, आणि अखेर थंड हवेतील सूचिपर्णी वृक्ष येतात. पुण्याहून कन्याकुमारीपर्यंतच्या प्रवासात रानाचे जेवढे रूप पालटणार नाही, तेवढे ते येथे एका दिवसाच्या उतरणीत पालटते. हत्तींच्या खुणाही या रानात तीन हजार मीटरांच्या वर आढळलेल्या आहेत, हे सह्याद्रीत वावरणाऱ्याला खरे वाटणार नाही.

या उतारावरून जाणारा कच्चा रस्ता ही पक्षिनिरीक्षकांची खरी चैन आहे. तो लष्कराने केला. अभयारण्याचे नावही तेथे तैनात असलेल्या लष्करी तुकडीच्या लाल गरुडाच्या बोधचिन्हावरून आले, असे सांगतात. खाली खेलाँग, मध्ये 1940 मीटरांवर बोंपू, 2800 मीटरांवर ईगलनेस्ट खिंड आणि खिंडीच्या उत्तरेकडे 2340 मीटरांच्या आसपास लामा कॅम्प अशी त्या रस्त्यावरची ठिकाणे आहेत. वाहतूक जवळजवळ नसल्यामुळे चालत, थांबत, ऐकत दोन हजार मीटरांची उतरण पाहता येते. साडेचारशेहून अधिक प्रजाती या पट्ट्यातून नोंदल्या गेल्या आहेत, त्यामागे रानाच्या समृद्धीबरोबरच हा रस्ताही आहे. ज्या डोंगरात वाट नाही, त्या डोंगराची पक्षियादी नेहमीच लहान असते.

पुढच्या हकिकतीसाठी एक तपशील लक्षात ठेवावा लागेल. लामा कॅम्प अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. ते रान सिंगचुंगच्या बुगुन लोकांचे सामुदायिक रान आहे. बुगुन ही जेमतेम दीड-दोन हजार लोकसंख्येची जमात आहे. जुन्या सरकारी कागदांत त्यांना 'खोवा' म्हटलेले आढळते. शेजारी रूपा आणि शेरगावच्या बाजूला शेरदुकपेन लोकांची वस्ती आहे. अरुणाचलात रानाचा मोठा हिस्सा व्यवहारात गावांच्याच ताब्यात असतो, आणि त्यामुळे कोणत्या झाडाखाली कोणता पक्षी आहे याहून ते झाड कोणाचे आहे, हा प्रश्न तेथे अधिक निर्णायक ठरतो.

पहिली भेट आणि दहा वर्षांचे मौन

जानेवारी 1995 मध्ये अत्रेय यांना पक्ष्यांची एक जोडी थोडा वेळ दिसली. साधारण वीस सेंटिमीटर लांबीचा, सातभाईंच्या विस्तृत गोतावळ्यातला वाटणारा पक्षी. अंग ऑलिव्ह-करड्या रंगाचे, डोक्यावर काळी टोपी, चोच आणि डोळा यांच्यामध्ये ठळक नारिंगी-पिवळा डाग. पंखांवर पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या रंगांचे ठसे. शेपटी काळी, तिच्या टोकांना लाली आणि बुडाशी खालून किरमिजी रंग. असा पक्षी भारतीय उपखंडाच्या कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात नव्हता.

अनुभवी निरीक्षकाला येथे दोन मोह पडतात. पहिला मोह, दिसलेल्या पक्ष्याला ओळखीच्या नावात बसवून टाकण्याचा. त्याच रानात लाल चेहऱ्याचा लिओसिक्ला राहतो. घाईत दिसलेले पंखांवरचे लाल रंग त्याच्या खात्यात टाकणे अवघड नव्हते, आणि आपण पाहिलेल्या किती अपरिचित पक्ष्यांना आपण असेच ओळखीच्या खात्यात टाकले असेल, हे कोणताही प्रामाणिक निरीक्षक सांगू शकणार नाही. दुसरा मोह याच्या उलट, नवी प्रजाती सापडल्याची दवंडी पिटण्याचा. अत्रेय यांनी दोन्ही टाळले. वर्णनाशी सर्वांत जवळ जाणारा ज्ञात पक्षी होता चीनच्या सिचुआन प्रांतातील एमेई पर्वताच्या परिसरातला लिओसिक्ला, ज्याचे शास्त्रीय वर्णन 1926 मध्ये झाले होते. पण त्याला काळी टोपी नसते, आणि त्याचा प्रदेश ईगलनेस्टपासून हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. हजार किलोमीटर ओलांडून, तेही टोपी घालून, तो येथे आला असे मानण्यापेक्षा हा कोणी वेगळाच आहे असे मानणे अधिक सयुक्तिक होते. तरीही एका माणसाने थोडा वेळ पाहिलेली एक जोडी, एवढ्यावर ते मानणे म्हणजे फार हलक्या पायावर मजला चढवणे झाले असते.

खगोलशास्त्रात एकदाच मिळालेल्या संकेताला कोणी तारा म्हणत नाही. तो पुन्हा मिळेपर्यंत थांबतात आणि दरम्यान आपल्याच उपकरणातला दोष शोधतात. अत्रेय यांच्या संयमाला त्यांच्या व्यवसायाची पार्श्वभूमी होती, असे मला वाटते, अर्थात हा माझा तर्क आहे. 2003 पासून त्यांनी ईगलनेस्ट जैवविविधता प्रकल्पाच्या निमित्ताने तेथे सलग काम सुरू केले. जानेवारी 2005 मध्ये ते पक्षी पुन्हा दिसले. त्यानंतर निरीक्षणे वाढत गेली, आवाज ध्वनिमुद्रित झाला, पक्ष्याची जागा कळली. 2060 ते 2340 मीटरांच्या पट्ट्यात, दाट रानाच्या आतल्या भागापेक्षा उतारावरच्या झुडपांत आणि रानाच्या कडेला, लहान गटांत तो वावरतो. त्याचे गाणे बासरीसारखे आणि सहज ओळखू येणारे आहे.

हे गाणे महत्त्वाचे आहे. जानेवारीत हिमालयाच्या उतारांवर बहुतेक पक्षी गात नाहीत. एप्रिल-मेमध्ये विणीच्या हंगामात तेच झुडूप बोलू लागते. दाट झुडपांत राहणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत डोळा हा दुय्यम साक्षीदार असतो, आणि पहिली भेट हिवाळ्यातली असल्यामुळे मुख्य साक्षीदाराची साक्ष मिळायला इतकी वर्षे लागली, ही या प्रकरणातली एक दुर्लक्षित बाजू आहे.

मारायचा की सोडायचा

2006 पर्यंत अत्रेय यांच्या माहितीत या पक्ष्याची एकूण संख्या होती चौदा. त्यात विणीच्या जोड्या तीन. नवी प्रजाती अधिकृतपणे मांडायची तर प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे एक प्रमाण नमुना नेमावा लागतो, ज्याच्याशी ते नाव कायमचे बांधले जाते. दोन शतकांच्या रूढीने हा नमुना म्हणजे मारून जतन केलेले कातडे. चौदांतला एक मारणे म्हणजे ज्ञात संख्येच्या सात टक्के संपवणे. तो पक्षी विणीच्या जोडीतला निघाला तर एक तृतीयांश विणीला धक्का. अत्रेय यांनी पक्षी मारण्याचे नाकारले. सोडून दिलेल्या पक्ष्याची पिसे, छायाचित्रे, मोजमापे आणि ध्वनिमुद्रणे यांच्या आधारे त्यांनी वर्णन लिहिले. ते 2006 मध्ये हैदराबादहून निघणाऱ्या 'इंडियन बर्ड्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लिओसिक्ला बुगुनोरम, म्हणजे बुगुनांचा लिओसिक्ला, असे नाव ठेवले गेले. भारताच्या मुख्य भूमीवरच्या एखाद्या नव्या पक्ष्याचे वर्णन त्याआधी झाले होते ते 1948 मध्ये, अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांनी मिश्मी टेकड्यांतल्या एका चिमुकल्या सातभाई-कुळातील पक्ष्याचे केले तेव्हा.

संहितेत याला वाट आहे. प्राण्याचा एखादा भागही प्रमाण नमुना ठरू शकतो, आणि छायाचित्र नेमले गेले तर त्यात दिसणारा प्राणी हाच नमुना मानला जातो, मग तो नंतर कोठे का जाईना. तरीही नमुन्याविना केलेल्या वर्णनांवर संग्रहालयांत काम करणारे तज्ज्ञ आक्षेप घेत आले आहेत, आणि तो आक्षेप खुनशी म्हणून झटकण्यासारखा नाही. त्यामागे एक जुनी फजिती आहे. सोमालियातील बुलो बुर्ती गावात 1988 मध्ये एक अनोळखी खाटिक-वर्गीय पक्षी दिसला, तो पकडला गेला, काही काळ सांभाळला गेला आणि 1990 मध्ये सोडून देण्यात आला. रक्त आणि पिसे यांतील जनुकीय पुराव्यावर 1991 मध्ये तो नवी प्रजाती म्हणून जाहीर झाला. त्याच्या लॅटिन नावातच 'मुक्त केलेला' असा अर्थ होता. 2008 मध्ये नव्या जनुकीय अभ्यासाने दाखवले की ती वेगळी प्रजाती नसून एका परिचित पक्ष्याची रंगभेदी आवृत्ती होती. एकच पक्षी पाहून प्रजाती ठरवली की असे होऊ शकते. ईगलनेस्टची स्थिती मात्र वेगळी होती. येथे एकाच पिसाऱ्याचे अनेक पक्षी अनेक वेळा पाहिले गेले होते, ते एकमेकांबरोबर वीण करत होते, आणि त्यांचा आवाजही वेगळा होता. जाळ्यात सापडलेल्यांपैकी एकाचे रंग फिकट होते. तो मादी किंवा अवयस्क असावा, असे अत्रेय यांनी मोकळेपणाने नोंदवले. रंगभेदाची शंका अशा नोंदींनी दूर होते. एखाद्या कातड्यानेच ती दूर होईल असे नाही.

कातड्याच्या बाजूने बोलणारे उदाहरण मुंबईतच आहे. निकोबारमधून पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी 1966 आणि 1977 मध्ये आणलेले दोन लहान घुबडांचे नमुने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात होते. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ते तपासून 1998 मध्ये त्यांना स्वतंत्र प्रजाती ठरवले. ते खण नसते तर ती प्रजाती ओळखली जायला आणखी किती काळ लागला असता, कोण जाणे. संग्रहालयाची निंदा करून पक्षिप्रेम सिद्ध होत नाही.

पण खणातली चिठ्ठीही खोटे बोलू शकते, आणि हे महाराष्ट्राइतके कोणाला ठाऊक असणार? रानपिंगळा या लहान घुबडाचा शेवटचा खरा नमुना 1884 मधला. पुढे ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षिसंग्राहक कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी 1914 साली दक्षिण गुजरातमधील मांडवी येथे आपण एक मिळवल्याचा दावा केला. त्यांची प्रतिष्ठा पाहून शोध घेणारे त्या भागात गेले आणि रिकाम्या हातांनी परतले. तो नमुना प्रत्यक्षात लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला, जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात पूर्वी गोळा केलेला, नव्याने शिवलेला होता, हे रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघडकीस आणले. खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढल्यावर 25 नोव्हेंबर 1997 रोजी सकाळी सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, रानपिंगळा समोर बसलेला आढळला. म्हणजे कातडे हातात असूनही शंभरेक वर्षे चुकली, आणि ईगलनेस्टमध्ये कातडे नसताना नोंद टिकली. पुराव्याचे वजन शेवटी पुरावा देणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर आणि दुसऱ्याला तो पडताळता येण्यावर अवलंबून असते. बुगुन लिओसिक्लाच्या बाबतीत पडताळणी सोपी होती. नकाशावर जागा दिलेली होती, गाणे ध्वनिमुद्रित होते, कोणीही लामा कॅम्पला जाऊन थांबावे. लोक गेले, आणि अनेकांना पक्षी दिसला.

नमुन्याचा वाद चिघळला तर काय होते, हे चार वर्षांनी कोलंबियात दिसले. अँटिओकिया प्रांतातील उर्राओजवळच्या डोंगरात, कोलिब्री देल सोल या राखीव रानात, जमिनीवर वावरणारा अँटपिटा जातीचा एक नवा पक्षी आढळला. 2010 मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने त्याच पक्ष्याची दोन वर्णने दोन नियतकालिकांत, दोन वेगळ्या नावांनी आली. एक सोडून दिलेल्या पक्ष्यावर आधारलेले, दुसरे जतन केलेल्या नमुन्यावर. कोणते नाव खरे, यावर जागतिक पक्षियाद्या पुढे कित्येक वर्षे एकमेकींशी जुळत नव्हत्या. तो डोंगर खऱ्या अर्थाने उष्णकटिबंधातला होता, राखीव रानही होते, कष्टही दोन्ही बाजूंनी झालेले होते. नव्हता तो फक्त एकविचार. ईगलनेस्टमध्ये पाहणारा, मोजणारा, पकडणारा आणि लिहिणारा एकच माणूस होता, ही गोष्ट त्या प्रकरणाला अनुकूल ठरली, हे मान्य करायला हवे. तोच माणूस चुकला असता तर मात्र सारेच चुकले असते.

माझे मत असे आहे की पक्षी सोडण्याचा निर्णय संख्येमुळे योग्य ठरतो. चौदांच्या जागी चौदाशे पक्षी असते आणि तरीही नमुना घेतला नसता, तर मी संग्रहालयवाल्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो. 'कधीही मारू नये' असा सर्वसाधारण नियम या एका उदाहरणावरून काढणारे पक्षिनिरीक्षक अब्दुलअलींच्या त्या दोन घुबडांचे काय करायचे, हे सांगत नाहीत.

नावाने काय केले

वर्णनातला सर्वांत दूरगामी शब्द मला 'बुगुनोरम' हा वाटतो. पक्ष्यांना नावे देताना आश्रयदात्यांची, राण्यांची, मोहिमेचा खर्च उचलणाऱ्यांची वर्णी लावण्याची रीत जुनी आहे. ज्यांच्या झाडावर पक्षी बसतो, त्यांचे नाव लॅटिनमध्ये क्वचितच जाते. येथे ते गेले, आणि ते केवळ सौजन्य नव्हते. चौदापैकी बहुतेक पक्षी बुगुनांच्या सामुदायिक रानात होते, सरकारी अभयारण्यात नव्हते. ते रान तोडायचे की ठेवायचे, हे ठरवण्याचा अधिकार गावाचा होता.

यामागचा आर्थिक हिशेब थोडक्यात सांगतो. अरुणाचलात लाकूड हे अनेक गावांचे रोख उत्पन्न होते. 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात वृक्षतोडीवर कठोर निर्बंध घातले आणि ते उत्पन्न आटले. रान उभे राहिले, पण उभ्या रानातून गावाच्या हाती काही पडेना. अत्रेय यांच्या प्रकल्पाने लामा कॅम्प आणि बोंपू येथे बुगुन तरुणांनी चालवायचे तंबूंचे मुक्काम उभे करण्यास हातभार लावला होता. स्वयंपाकी, चालक, वाटाडे, सामान वाहणारे, सगळे गावातले. नवी प्रजाती जाहीर झाल्यावर जगभरचे पक्षिनिरीक्षक तेथे येऊ लागले. त्यांना राज्यात शिरण्यासाठी लागणाऱ्या परवान्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंतचा व्यवहार स्थानिकांच्या हातून होऊ लागला.

एका नावामुळे रान वाचले असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे होईल. 2006 मध्ये नाव मिळाले आणि सिंगचुंग बुगुन ग्राम सामुदायिक राखीव क्षेत्र घोषित व्हायला 2017 उजाडले. या अकरा वर्षांत गावाच्या बैठका, कुळांमधले मतभेद, वनखात्याशी वाटाघाटी आणि तेथे काम करणाऱ्या तरुण संशोधकांचे प्रयत्न हे सारे होते. गावाने 17 चौरस किलोमीटर रान राखले, गावातलेच तरुण गस्तीला लागले, आणि 2018 मध्ये या उपक्रमाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. सतरा चौरस किलोमीटर हे क्षेत्र कागदावर नगण्य वाटते. एका मोठ्या शहराच्या उपनगरातही ते मावेल. पण ज्या पक्ष्याचा ज्ञात प्रदेश दोन-तीन उतारांचा आहे, त्याच्या दृष्टीने ते एक राज्य आहे. आंतरराष्ट्रीय लाल यादीत हा पक्षी 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात आहे.

उरलेले प्रश्न

पहिला प्रश्न रस्त्याचा. ज्या कच्च्या वाटेने हा पक्षी पाहण्याची सोय केली, तीच वाट रुंद करून सीमेकडे जाणारा पर्यायी मार्ग म्हणून वापरावी, हा प्रस्ताव वारंवार पुढे येत राहिला आहे. सीमेवरच्या भागात रस्त्याला विरोध करणे सोपे नसते, आणि 1962 नंतर तवांगकडे जाणाऱ्या मार्गांविषयी लष्कराची संवेदनशीलता समजण्यासारखी आहे. तरीही 500 मीटरांपासून 2800 मीटरांपर्यंतची अखंड रानसलगता भारतात फार थोड्या ठिकाणी उरली आहे, आणि मोठ्या रस्त्याने तुटलेली सलगता पुन्हा जोडता येत नाही.

दुसरा प्रश्न आपला, म्हणजे दुर्बीण घेऊन जाणाऱ्यांचा. इतक्या थोड्या संख्येच्या, विशिष्ट उतारावरच मिळणाऱ्या पक्ष्याला पाहण्यासाठी ध्वनिमुद्रित गाणे वाजवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. नर ते गाणे प्रतिस्पर्ध्याचे समजतो, खाणे किंवा पिलांना भरवणे सोडून पुढे येतो, आणि आपल्याला छायाचित्र मिळते. एका गटाने एकदा केले तर फारसे बिघडत नसेल. पण हंगामभर रोज नवा गट येतो, आणि गाणी वाजतात ती त्याच दोन-तीन जोड्यांपुढे. अकरा वर्षे थांबून मिळालेल्या पक्ष्यासाठी अर्धा तास गप्प बसून राहता येत नाही, हे आपल्या छंदाचे फारसे चांगले लक्षण नाही.

तिसरी गोष्ट प्रश्नाहून पुष्टीच्या स्वरूपाची आहे. 2009 च्या उन्हाळ्यात पश्चिम अरुणाचलच्या उंच भागात स्वीडनचे पेर आल्स्ट्रॉम आणि भारतीय पक्षिअभ्यासक शशांक दळवी फिरत होते. एकच मानल्या जाणाऱ्या एका कस्तूराची गाणी दोन ठिकाणी वेगळी आहेत, असे त्यांच्या लक्षात आले. सूचिपर्णी रानातल्या पक्ष्यांचे गाणे सुरेल होते, तर रानाच्या वर, उघड्या खडकाळ उतारावरच्या पक्ष्यांचे गाणे कर्कश होते. पुढची काही वर्षे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांतल्या संग्रहालयांतील जुनी कातडी तपासली, जनुकीय तुलना केली, आणि जानेवारी 2016 मध्ये रानातल्या पक्ष्याला सालिम अली यांच्या नावाने स्वतंत्र प्रजाती म्हणून मांडले. तोही पक्षी सर्वांना दिसत होता, कित्येकांच्या याद्यांत दुसऱ्या नावाने होता. येथे नव्याने कोणाला मारावे लागले नाही, कारण पूर्वी मारलेले पक्षी खणांत शाबूत होते.

लामा कॅम्पच्या उतारावर आजही बहुतेक निरीक्षक पहाटे येतात, आणि त्यांच्याबरोबर सिंगचुंगचा एखादा तरुण असतो, ज्याला तो पक्षी कोणत्या वळणावर बोलतो हे पाठ असते. पक्षी दिसला नाही तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येण्याचा सल्ला देतो आणि गाणे वाजवण्याचा आग्रह धरणाऱ्याला मोबाइल खिशात ठेवायला सांगू शकतो, कारण ते रान त्याच्या गावाचे आहे.